आता निवांत व्हा

३ मार्च, सोमवार

नव्या कार्यालयातल्या खुर्चीविरुद्ध माझी तक्रार आहे. ती इथेच नोंदवण्यावाचून गत्यंतर नाही, कारण तक्रारी ऐकणाऱ्या विभागाचं नाव इथे 'आनंद विभाग' असं आहे, आणि तिथे बसणाऱ्या हसऱ्या मुलीला दुखावणं माझ्या जिवावर येतं. तर ही खुर्ची खचते. एकदम खचली असती तर अपघात म्हणून काही प्रतिष्ठा तरी लाभली असती. ही सन्मार्गावरून ढळणाऱ्या माणसासारखी हळूहळू, स्वतःच्याही नकळत खाली जाते. सकाळी मी सगळ्यांच्या बरोबरीनं बसतो, जेवणाच्या सुट्टीपर्यंत हनुवटी टेबलाला टेकते, आणि संध्याकाळी साहेब येऊन शेजाऱ्याला विचारतात, "ते गेले का?" पुण्य संपलेले राजे स्वर्गातून असेच उतरत असावेत. फरक इतकाच, की त्यांच्या गाठीला मुळात पुण्य होतं.

आमचं वर्तमानपत्र बंद पडलं आणि उभी हयात वार्ताहर म्हणून काढलेला मी, आता जुन्या गाड्या विकत घेणाऱ्या कंपनीत कंटेंट रायटर झालो आहे. उमेदवारीचा काळ चालू आहे. जमलं तर ठेवतील, नाही तर नारळ.

रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "म्हणजे नेमकं करायचं काय?"

"लिहायचं."

"काय?"

"मजकूर."

"तो तर पूर्वीही लिहायचास."

"पूर्वी त्याआधी काहीतरी घडायचं."

बाबा "असं" म्हणाले आणि ताक प्यायले. बाबांनी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवलं. त्यांच्या एका 'असं'वर टीकाग्रंथ होईल.

५ मार्च, बुधवार

कार्यालयात लिहिणारी माणसं दोन. दुसरी कॉपीरायटर आहे, पस्तिशीची बाई. तिला मी मनातल्या मनात 'तीनशब्दी' म्हणतो, कारण तिसऱ्या शब्दानंतर ती लिहीत नाही. आज तिनं दिवसभर खिडकीबाहेर पाहिलं, दोनदा कॉफी प्यायली आणि संध्याकाळी 'आता निवांत व्हा' एवढं लिहून घरी गेली. मी तोवर इंजिनाच्या तेलावर दीड हजार शब्द लिहिले होते. पगार तिचा जास्त आहे.

जाता जाता मी विचारलं, "बाई, तुमच्या आणि माझ्या कामात फरक काय, ते एकदा समजावून सांगा."

"सोपं आहे, सर. मी सांगते 'हे करा'. तुम्ही सांगता की हे का करावं, आधी कोणी केलं, आणि त्याचं कसं भलं झालं. करा असं तुम्ही म्हणायचं नाही. ते माझं काम."

घरी येऊन बाबांना सांगितलं, तर ते हसले. "हे जुनंच आहे. अमुक कर, हा विधी. तमुक राजानं ते केलं आणि त्याला थोर फळ मिळालं, हा अर्थवाद. ती बाई विधी लिहिते, तू अर्थवाद."

"आणि अर्थवाद खरा असावा लागतो का?"

"शब्दशः खरा असलाच पाहिजे असं नाही. त्याचं काम माणसाला विधीकडे न्यायचं. नेलं, की तो सुटला."

मला फार बरं वाटलं. आपण करतो ते काम शास्त्रात बसतं म्हटल्यावर पगाराचं दुःख कमी होतं. पूर्ण जात नाही.

६ मार्च, गुरुवार

गुरुवार बाबांचा आणि आत्याचा. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, शहराच्या पार त्या टोकाला एकटी राहते. पायांनी दगा दिल्यामुळे तिचं बाहेर पडणं दर गुरुवारी बाबांच्या निळ्या गाडीतूनच होतं. बाबा तिला तळ्याच्या काठी नेतात, काचा अर्ध्या खाली करतात, कारण पूर्ण केल्या तर वाऱ्यानं तिला खोकला येतो, आणि मग दोघं गाडीत बसून लहानपणी कोणी कोणाची पाटी फोडली यावर भांडतात. मागच्या सीटवर तिच्या पाठीसाठी एक उशी कायम असते.

आज सुट्टी घेतली होती म्हणून बाबा निघताना पाहिले. आमचं फाटक अरुंद. बाबांनी आरशात एकदा पाहिलं आणि सुईत दोरा ओवावा तशी गाडी उलटी काढून घेऊन गेले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. मी बायकोची लाल गाडी काढतो तेव्हा शेजारचे लोक आपल्या मुलांना आत बोलावतात. फाटकाच्या डाव्या खांबावरचा लाल ओरखडा माझाच आहे. आज दुपारी त्याला भावंड झालं.

११ मार्च, मंगळवार

साहेब वयानं माझ्या भाच्याएवढे. बोलताना माणसाकडे न पाहता भिंतीवरच्या आलेखाकडे पाहतात, आणि आलेख खाली गेला की त्यांचा चेहराही जातो.

"सर, लोक तुमचा लेख तिसऱ्या परिच्छेदात सोडतात."

"तेलात तिसऱ्या परिच्छेदानंतर फारसं काही घडत नाही," मी म्हणालो.

"तेल नको. अनुभव हवा. हे बघा, आपल्याला चांगल्या गाड्या मिळतात त्या वयस्कर लोकांकडून. ते विकत नाहीत. मुलांना वाटत असतं की बाबांनी आता थांबावं, पण बोलवत नाही. त्या मुलांसाठी लिहा. घरातलं वाटलं पाहिजे. तुमच्या लेखामुळे एक गाडी जरी आली ना, तरी मी वर सांगेन की हे कायम राहणार."

'हे' म्हणजे मी. प्रथमपुरुषाचा तृतीयपुरुष होताना पाहणं हा व्याकरणातला करुण प्रसंग आहे.

१४ मार्च, शुक्रवार

लेख झाला. नाव 'वडिलांनी स्टिअरिंग कधी सोडावं?'

बसलो तेव्हा अडचण आली. घरातलं वाटायला घर पाहिजे, म्हणून बाबा घेतले. निळी गाडी, उशी, अर्ध्या खाली केलेल्या काचा. तपशील आपोआप येत गेले. पण लेखाला दोषही हवेत, आणि बाबांच्या गाडी चालवण्यात दोष सापडेनात. बराच वेळ शोधले. शेवटी घरचेच वापरले, म्हणजे माझे. खांबावर घासलेली गाडी, वळण घेऊन झाल्यावरही टिकटिकत राहिलेला इंडिकेटर, रोजच्या रस्त्यावर चुकलेलं वळण, मागच्यानं हॉर्न दिल्यावर दचकणं. हे सगळं 'वडील' या पात्राला बहाल केलं. मुलाकडून वडिलांकडे असा वारसा बहुधा प्रथमच गेला असेल.

शेवट अडला होता. खुर्ची पार तळाला गेली होती, डोळे टेबलाच्या कडेला आले होते, आणि त्या अवस्थेत वाक्य सुचलं: 'हे वडिलांच्या तोंडावर सांगणं मुलाला जमत नाही. म्हणून तो लिहितो.'

वाक्य साधलं. इतकं साधलेलं वाक्य वर्तमानपत्रात सगळ्या वर्षांत जमलं नव्हतं. खाली तीनशब्दीचं बटण: 'आता निवांत व्हा'. ते दाबलं की गाडीची माहिती भरायची, मग आमची माणसं येऊन गाडी तपासणार.

१९ मार्च, बुधवार

लेख काल झळकला. बायकोनं फोनवर वाचला. ती औषधांच्या दुकानात हिशोब पाहते आणि कुठलंही वाक्य बिलासारखं वाचते.

"खांब तुम्ही घासलात."

"तो लेख आहे. त्यातले वडील हे एक पात्र आहे."

"पात्राची गाडी निळी आहे, आणि पात्राच्या बहिणीला वारा लागला की खोकला येतो."

"तपशिलानं लेख जिवंत होतो."

"आणि बाबांनी वाचला तर?"

"तो मुलांसाठी आहे, वडिलांसाठी नाही. शिवाय बाबा फोनवर कशाला वाचतील?"

"तुमचं नाव आहे ना त्याच्यावर. तुमची गटार तुंबल्याची बातमीसुद्धा त्यांनी कधी सोडली नाही." मग म्हणाली, "आधीच सांगून टाका. अहो, दोन मिनिटांचं काम आहे."

सांगतो म्हटलं. तेवढ्यात कोणाचा तरी फोन आला.

२० मार्च, गुरुवार

बाबांनी लेख वाचला आहे. सकाळी दाढी करता करता म्हणाले, "शेवटचं वाक्य चांगलं उतरलंय."

बाबांकडून असं प्रशस्तिपत्र मला शाळेत असतानाही मिळालं नव्हतं. त्या आनंदात खांबाचं सांगायचं राहिलं. आणि खरं तर सांगण्यासारखं आहे काय? लेख म्हणजे अर्थवाद, हे त्यांनीच मला शिकवलं.

आत्याकडे जायला ते आज उशिरा निघाले. आधी गाडीभोवती एक चक्कर मारली.

२५ मार्च, मंगळवार

आलेख वर गेला आणि साहेब माणसांकडे पाहू लागले. लोक लेख शेवटपर्यंत वाचताहेत. त्यातही एक वाचक असा आहे, की रोज पहाटे येतो, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत वाचतो, शेवटच्या ओळीपाशी बराच वेळ थांबतो आणि जातो. यंत्राला हे कळतं. नाव तेवढं कळत नाही.

मी तीनशब्दीला म्हणालो, "याला आमच्याकडे सहृदय म्हणतात. असा एक वाचक मिळावा म्हणून कवी जन्म काढतात."

"सर, रसिक माणूस गाडी विकायचा लेख रोज पहाटे वाचत नाही. ज्याला झोप लागत नाही तो वाचतो."

तीन शब्दांपलीकडे गेली की ही बाई रुक्ष होते.

२७ मार्च, गुरुवार

लेखकाला पुढचं दिसतं असं म्हणतात, ते मी आजवर थट्टेवारी नेत आलो. आज प्रत्यय आला.

सकाळी बाबा गाडी काढायला गेले. फाटकापर्यंत आणली आणि थांबवली. उतरले. डाव्या खांबाजवळ जाऊन तो लाल ओरखडा बोटानं चाचपला. मग आपल्या निळ्या गाडीची डावी बाजू चाचपली. पुन्हा बसले, पुन्हा उतरले. शेवटी बायकोला हाक मारली, "सूनबाई, कोपऱ्यापर्यंत शेजारी बसतेस का? वळल्यावर इंडिकेटर बंद करतो की नाही, एवढं बघ."

ती बसली. परत आली तेव्हा चेहरा कसनुसा होता. "त्यांनी सगळं बरोबर केलं. पण दर वळणाला मला विचारत होते, 'केलं ना?' म्हणून. आता तरी बोला त्यांच्याशी."

पण मी चकित झालो ते दुसऱ्याच कारणानं. केवळ कल्पनेनं लिहिलं होतं, आणि आता ते डोळ्यांसमोर घडत होतं. बाबांचा हात खरंच पूर्वीसारखा राहिलेला नाही. मधल्या काळात आपलं लक्ष नव्हतं, इतकंच. उगाच कशाला नाकारा? लेख नकळत खरा निघाला.

१ एप्रिल, मंगळवार

बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनीच हट्ट धरला. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, तुमचे डोळे तुमच्या मुलापेक्षा चांगले आहेत." मी हसलो. बाबा हसले नाहीत.

बाहेर आल्यावर म्हणाले, "डोळे नीट असतील, तर मग ते दुसरंच काहीतरी असणार."

"काय दुसरं?"

"काही नाही. तू पुढे बघ."

मी पुढे पाहिलं. सिग्नल लाल होता. तत्त्वज्ञांना उतारवयात उत्तम बातम्याही पचत नाहीत, असं काहीसं माझ्या मनात आलं आणि लेखात वापरता येईल म्हणून लक्षात ठेवलं.

३ एप्रिल, गुरुवार

संध्याकाळी आत्याचा फोन. ती नमस्कार-चमत्कारात वेळ घालवत नाही.

"अरे, धाकट्याला झालंय काय?"

धाकटा म्हणजे बाबा.

"का गं आत्या?"

"आला. गाडी लावली. आत येऊन बसला तो बसलाच. मी आपली चप्पल घालून तयार. म्हणाला, आज नको, ऊन आहे. ऊन रोजच असतं. मागच्या खेपेलाही हेच. मी म्हटलं, तुला मला न्यायचं नसेल तर तसं सांग. तर म्हणतो कसा, 'ताई, मी एकटा असलो तर ठीक आहे. तुला बसवून न्यायचा धीर होत नाही.' असं कधी बोलला नाही तो."

"वय झालं, आत्या."

"माझ्यापेक्षा लहान आहे तो," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

८ एप्रिल, मंगळवार

शुभवर्तमान. लेखानं गाडी आणली. कोणा एका वयस्कर गृहस्थानं लेखाखालचं बटण दाबलं, तपासणी झाली, भाव न करता सही केली. साहेबांनी सगळ्यांना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. तपासणाऱ्याचा शेरा वाचून दाखवला: 'इतकी निगुतीनं राखलेली गाडी या वर्षात पाहिली नाही. एकही ओरखडा नाही.' विकणाऱ्याचं नाव आमच्या मजल्यावर सांगत नाहीत. तो नियम आहे, आणि उत्तम नियम आहे.

मी चार शब्द बोललो. लेखन आणि विश्वास यांच्या संबंधाविषयी बोललो. आनंद विभागातली मुलगी टाळ्या वाजवायची थांबेना. साहेब म्हणाले, "आता तुम्ही कायम."

परत जागेवर बसताना एक विचार मात्र आला. एकही ओरखडा नाही, म्हणजे गृहस्थ उत्तम चालवत असणार. मग विकली कशाला? पण माणसं विचित्र असतात, आणि माझं काम त्यांना समजून घेण्याचं आता राहिलेलं नाही.

१० एप्रिल, गुरुवार

घरी आलो तर फाटक सताड उघडं आणि गाडीची जागा रिकामी. वाटलं, आत्याकडून यायला उशीर झाला असेल. आत गेलो तर बाबा खुर्चीत, आणि मागच्या सीटवरची उशी त्यांच्या मांडीवर.

"गाडी कुठाय?"

"तुमच्या कंपनीनं नेली. माणसं सभ्य होती. बूट काढून आत आली."

मी तिथेच बसलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"तू तरी कुठे सांगितलंस?" आवाजात राग नव्हता. ते मला समजून घेत होते, आणि ते जास्त वाईट होतं. "तोंडावर सांगणं जमत नाही, म्हणून लिहिलंस. बरोबरच आहे. मलाही वडिलांना काही सांगायचं असलं की जमायचं नाही. तू निदान लिहिलंस, आणि चांगलं लिहिलंस. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, मी असा कुठे चालवतो? मग रोज वाचलं. म्हटलं, हा बातमीदार आहे, पाहिल्याशिवाय लिहायचा नाही. मला कळत नसेल, पण याला दिसत असेल."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती. तिनं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

१२ एप्रिल, शनिवार

आज सकाळी बाबांसमोर बसून सगळं सांगितलं. खांब मी घासला. इंडिकेटर माझा टिकटिकत राहतो. वळण मी चुकतो. दचकतो मी. तुमचा दोष एकही नव्हता, म्हणून माझे घातले. शेवटचं वाक्य साधलं म्हणून ठेवलं. त्यामागे काही नव्हतं.

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू चांगला मुलगा आहेस."

"बाबा, मी खरं सांगतोय."

"गाडी गेल्याचं मला वाईट वाटलंय हे तुला दिसतंय. म्हणून तू आता हे सांगतोयस. माणूस समोर बसून बोलतो तेव्हा समोरच्याचं मन राखतो. मागे बसून लिहितो तेव्हा खरं लिहितो."

"तो अर्थवाद होता. शब्दशः खरा असलाच पाहिजे असं नाही, हे तुम्हीच म्हणालात."

"म्हणालो. पण पुढचं विसरलास. अर्थवादातली गोष्ट घडलेली नसली, म्हणून विधी खोटा ठरत नाही. 'आता निवांत व्हा' हे तर लिहिलेलं होतंच ना खाली?"

"ते मी नाही लिहिलं. त्या बाईनं लिहिलं."

"तेच तर. तिला तर माझ्याविषयी काही माहीतही नाही. म्हणजे तिचं निःपक्षपाती."

तर्काचं एक सूत मला सापडेना. शास्त्रात मी त्यांना कधीच हरवू शकलो नाही. आज पहिल्यांदाच हरवायची गरज होती.

बायको म्हणाली, "बाबा, खांबावरचा रंग लाल आहे. तुमची गाडी निळी. बघा तरी."

"बघितलं, सूनबाई," बाबा म्हणाले. "खांबावरचा ओरखडा लाल गाडीचा आहे हे मला माहीत आहे. मुलानं तेवढं माझ्यावर ढकललं असेल. म्हणून बाकीचं सगळंच खोटं, असं थोडंच होतं?"

१५ एप्रिल, मंगळवार

साहेबांना सांगितलं, ती गाडी माझ्या वडिलांची आहे, परत पाहिजे. साहेबांनी आलेखाकडे पाहिलं. मग त्यांना खरंच वाईट वाटलं, असं वाटतं. गाडी दुसऱ्याच दिवशी पुढे विकली गेली होती, परगावी. एकही ओरखडा नव्हता ना, टिकलीच नाही.

दुपारी तीनशब्दीशेजारी जाऊन बसलो. सांगून झाल्यावर तिनं कॉफीचा कप बाजूला ठेवला.

"तुम्ही फरक विचारला होता ना, सर? मी अर्धाच सांगितला. माझं वाक्य वाचणाऱ्याला ठाऊक असतं की ही बाई काहीतरी विकतेय. तो खिसा धरून वाचतो. माझं कोणी खरं मानत नाही, म्हणून माझ्यानं फारसं कोणाचं नुकसान होत नाही. तुमचं लोक मानतात. म्हणून तर तुम्हाला घेतलं."

"हे आधी माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं, सर. मला वाटलं, तुम्हालाही असेल."

लेख अजून आहे. काढा म्हटलं तर साहेब म्हणाले, तो सगळ्यांत जास्त चालतो. मी हट्ट धरला, तेव्हा 'विचार करू' म्हणाले. राजीनामा द्यावा असं क्षणभर वाटलं. मग 'कायम' हा शब्द आठवला आणि जागेवर जाऊन बसलो. हे लिहून ठेवतो, कारण तोंडावर कोणाला सांगणार नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

रजा काढून बाबांना आत्याकडे नेलं, लाल गाडीतून. वाटेत एक वळण चुकलो. इंडिकेटर टिकटिकत राहिला. मुद्दाम नाही, सवयीनं. मनात म्हटलं, आता तरी दिसेल यांना. बाबांनी हात पुढे करून तो बंद केला आणि म्हणाले, "माझंच वळण लागलंय तुला."

आत्या मागे बसली, पाठीला उशी. तळ्याकाठी गाडी लावली. काचा मी पूर्ण खाली केल्या. तिला खोकला आला. मग अर्ध्या वर घेतल्या.

"धाकट्या, तू चालवायचास तेव्हा मला झोप लागायची," ती म्हणाली. "याच्या हाताखाली जिवाची भीती वाटते."

"तो नीट चालवतो, ताई."

"नीट? अरे, दोन कुत्री आणि एक पोस्टमन वाचले आज."

बाबा हसले. बऱ्याच दिवसांनी. मला वाटलं, आता पाटीचं भांडण सुरू होईल. आत्यानं विषय काढलाही. "पाटी तू फोडलीस, हे तरी कबूल कर आता."

"असेल," बाबा म्हणाले. "मीच फोडली असेन. मला आता नक्की आठवत नाही."

आत्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. ते भांडण दोघांनी आयुष्यभर जपलं होतं. बाबांनी ते असं सोडून दिलेलं तिला मुळीच आवडलं नाही.

२० एप्रिल, रविवार

साहेबांनी लेख काढला. त्याच्या जागी मी टायरवर लिहिलं आहे. कोणी वाचत नाही.

आज बाबा जिना उतरत होते. दर पायरीला कठडा धरून, पाऊल आधी चाचपून. खालच्या पायरीपाशी थांबले आणि मला म्हणाले, "जरा हात दे." मी दिला. सव्वा महिन्यापूर्वी हा माणूस हातात दोन पिशव्या घेऊन, फोनवर बोलत हाच जिना उतरायचा. बायको म्हणते, ते आता औषधांच्या गोळ्याही दोनदा मोजून बघतात, आणि तिला विचारतात, "बरोबर आहे ना?"

गाडीचं मला फारसं वाटत नाही. गुरुवारी मी नेईन, वळणं चुकत नेईन. मला काळजी आहे ती वेगळीच. बाबा म्हातारे झाले आहेत. ते वयानं झाले की माझ्या लिहिण्यानं, हे मला कळत नाही. आणि ज्याला विचारावं असा एकच माणूस आहे. त्याचा आता स्वतःपेक्षा माझ्यावर जास्त विश्वास आहे.